एअर रायफल आणि शस्त्र परवाना : सूट कुठवर, कायदा कुठपासून

हवेच्या दाबावर छर्रा फेकणारी प्रत्येक बंदूक बाळगण्यासाठी परवाना लागत नाही. मात्र परवाना लागत नाही, याचा अर्थ ती बंदूक कायद्याच्या कक्षेबाहेर आहे असा होत नाही. आज लागू असलेल्या शस्त्र नियम, २०१६ नुसार नळीचा व्यास ०.१७७ इंच, म्हणजेच ४.५ मिलिमीटरपेक्षा अधिक नसेल आणि नळीच्या मुखाशी छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूल, म्हणजेच १५ फूट-पाउंडांपेक्षा अधिक नसेल, तरच अशी एअर रायफल परवान्याविना बाळगता येते. या दोन्ही अटी एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. त्यातील एक जरी मोडली, तरी ती बंदूक परवाना आवश्यक असलेल्या शस्त्रांत मोडते.

ही सूट नेमकी कशापुरती आहे, हे माहीत नसल्याने अनेक कुटुंबे अडचणीत येण्याचा संभव असतो. छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील समता कॉलोनीसारख्या दाट वस्तीत हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. घराला घर लागून असलेली गच्ची, अंगणातील झाडांवर येणारे पोपट आणि बुलबुल, खालच्या रस्त्यावरची वर्दळ असे तेथील चित्र आहे. अशा ठिकाणी मुलाच्या हाती आलेली एअर रायफल खेळाचे साधन ठरेल की गुन्ह्याचे, हे परवान्यापेक्षा तिच्या वापरावर अवलंबून असते.

समता कॉलोनीला लागूनच चौबे कॉलनी असून तेथे रायपूरचे महाराष्ट्र मंडळ आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडवर आली, तेव्हापासून या भागाशी मराठी कुटुंबांचा संबंध आहे. आजही त्यांचे नातेवाईक नागपूर, पुणे, मुंबई येथे असतात आणि वस्तूंप्रमाणेच सल्लेही या शहरांतून त्या शहरांत जात असतात. शस्त्रांविषयीचा सल्ला मात्र तपासून घेणे इष्ट.

कायदा एक, शब्द निराळे

शस्त्रे, अग्निशस्त्रे व दारूगोळा हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील संघ सूचीत येतो. त्यामुळे शस्त्र अधिनियम, १९५९ हा केंद्रीय कायदा रायपूर, नागपूर, पणजी आणि बेळगाव येथे सारखाच लागू होतो. हा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला व त्याने ब्रिटिश अमदानीतील १८७८ च्या शस्त्र कायद्याची जागा घेतली. अधिनियमाखालील १९६२ चे नियम रद्द होऊन त्यांच्या जागी शस्त्र नियम, २०१६ आले.

शब्दांबाबत मात्र मराठी वाचकाने सावध असावे. महाराष्ट्रात ज्याला 'शस्त्र अधिनियम' म्हणतात, त्याचा उल्लेख हिंदी कागदपत्रांत 'आयुध अधिनियम' असा होतो. 'परवाना' या शब्दाऐवजी 'अनुज्ञप्ति' आणि 'अग्निशस्त्र' या शब्दाऐवजी 'अग्न्यायुध' असे शब्द आढळतात. शब्द निराळे असले तरी तरतूद तीच असते.

हवेची बंदूक 'अग्निशस्त्र' कशी?

मराठीत 'अग्निशस्त्र' म्हटले की बारूद, ज्वाला आणि धूर डोळ्यांपुढे येतो. एअर रायफलीत यांपैकी काहीच नसते. तरीही अधिनियमाच्या कलम २ मधील व्याख्येनुसार स्फोटकाच्या अथवा अन्य कोणत्याही प्रकारच्या ऊर्जेच्या साहाय्याने प्रक्षेप्य फेकण्यासाठी तयार केलेले शस्त्र हे अग्निशस्त्रच होय. 'अन्य ऊर्जा' या दोन शब्दांमुळे दाबलेली हवा, स्प्रिंग आणि वायूचे नळकांडे या साऱ्यांचा समावेश होतो. निव्वळ खेळणे म्हणूनच वापरता येईल आणि ज्याचे कामचलाऊ शस्त्रात रूपांतर करता येणार नाही, अशी वस्तू तेवढी या व्याख्येतून वगळली आहे.

म्हणजेच कमी क्षमतेची एअर रायफल मुळात कायद्यात आहेच. तिला केवळ बाळगण्याच्या परवान्यातून सूट मिळाली आहे. पुढील सर्व बाबी या एका मुद्द्यावरून समजून घेता येतात.

२० ज्यूल म्हणजे किती?

पूर्वीच्या व्यवस्थेत लाकडी फळीची कसोटी वापरली जाई. ठरावीक अंतरावरून मारलेला छर्रा ठरावीक जाडीच्या फळीच्या आरपार जातो की नाही, हे पाहिले जात असे. आता ऊर्जा हा निकष आहे. ही ऊर्जा छर्ऱ्याचे वजन आणि त्याचा वेग या दोहोंवरून ठरते. वेग दुप्पट झाला तर ऊर्जा चौपट होते.

स्पर्धेत वापरला जाणारा ४.५ मिलिमीटरचा छर्रा सुमारे ०.५३ ग्रॅम वजनाचा असतो. दहा मीटर स्पर्धेच्या रायफलीतून तो सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटतो. त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास भरते. हाच छर्रा सेकंदाला सुमारे २७५ मीटर वेगाने सुटला, तर तो २० ज्यूलच्या मर्यादेवर पोहोचतो. याचा अर्थ ऑलिंपिकमध्ये वापरली जाणारी एअर रायफल मर्यादेच्या पुष्कळ आत असते. मर्यादा ओलांडण्याचा प्रश्न येतो तो अधिक ताकदीच्या बंदुकांबाबत.

खोक्यावर छापलेल्या वेगाच्या आकड्यावर विसंबून राहणे योग्य नाही. सेकंदाला १,००० फूट, म्हणजे सुमारे ३०५ मीटर असा वेग नमूद केलेला असेल, तर तो कोणत्या वजनाच्या छर्ऱ्याने मोजला, हे विचारणे आवश्यक आहे. ०.३५ ग्रॅमच्या हलक्या छर्ऱ्याने हा वेग मिळाला असेल, तर ऊर्जा सुमारे १६ ज्यूल होते व बंदूक मर्यादेत राहते. ०.५३ ग्रॅमच्या छर्ऱ्याने मिळाला असेल, तर ती सुमारे साडेचोवीस ज्यूल होते आणि बंदूक मर्यादेबाहेर जाते. म्हणून वेगाबरोबरच ऊर्जेचा आकडा लेखी स्वरूपात मागून घ्यावा.

नळीच्या व्यासाबाबतही एक गैरसमज आढळतो. ०.२२ इंच, म्हणजे ५.५ मिलिमीटर व्यासाची एअर रायफल कमी ताकदीची असली तरी ती व्यासाची अट मोडते. त्यामुळे ती सवलतीत बसत नाही. काडतुसावर चालणारी ०.२२ रायफल ही आणखी वेगळी असून तिला तर परवाना लागतोच.

खरेदी करताना

परवान्यातील सूट ही बाळगणाऱ्यासाठी आहे. शस्त्रांची निर्मिती, विक्री आणि दुरुस्ती हे व्यवहार अधिनियमाच्या कलम ५ खाली येतात व त्यांसाठी परवाना लागतो. म्हणून ग्राहकाने परवानाधारक विक्रेत्याकडूनच खरेदी करावी. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा मागितल्यास तो देण्यात हयगय करू नये. पावतीवर उत्पादकाचे नाव, बंदुकीचा क्रमांक, नळीचा व्यास आणि ऊर्जा यांची नोंद करून घ्यावी. उद्या पोलिसांनी विचारणा केल्यास बंदूक सवलतीत बसते हे दाखवण्यास हीच पावती प्रथम उपयोगी पडते.

जुनी एअर रायफल नातेवाइकाकडून भेट मिळाल्यास किंवा दुसऱ्या शहरातून आणल्यास तिची पावती सोबत आणावी. पावती नसेल आणि व्यास किंवा ताकद याविषयी शंका असेल, तर वापर सुरू करण्यापूर्वी परवाना शाखेकडे विचारणा करणे श्रेयस्कर.

परदेशस्थ नातेवाइकांनी भेट म्हणून एअर रायफल आणण्यापूर्वी विशेष काळजी घ्यावी. शस्त्रांची आयात हा वेगळा विषय आहे. त्यासाठी शस्त्र कायद्याबरोबरच आयात धोरण व सीमाशुल्क यांचे नियम लागू होतात. देशात परवान्याविना बाळगता येणारी बंदूक परवानगीविना आयात करता येईलच, असे नाही. विमानाच्या प्रवासी कक्षात एअर रायफल, एअर पिस्तूल किंवा त्यांची हुबेहूब प्रतिकृती नेण्यास मनाई आहे.

परवाना लागत असल्यास

मर्यादेबाहेरील एअर रायफलीसाठी इतर अग्निशस्त्रांप्रमाणेच परवाना काढावा लागतो. व्यक्तीने विहित नमुना ए-१ मध्ये अर्ज करावयाचा असतो. अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या परवाना शाखेकडे, किंवा जेथे पोलीस आयुक्तांना हे अधिकार दिलेले आहेत तेथे आयुक्तालयाकडे जातो. ओळख, निवास आणि वय यांचे पुरावे, छायाचित्रे, शस्त्र हाताळणीच्या सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था यांची पूर्तता करावी लागते. त्यानंतर पोलिसांकडून चौकशीचा अहवाल मागविला जातो.

अधिनियमाच्या कलम ९ नुसार वयाची २१ वर्षे पूर्ण न केलेल्या व्यक्तीस अग्निशस्त्र मिळविण्यास वा बाळगण्यास मनाई आहे. नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठी त्याच कलमात नियमांच्या अधीन राहून सवलत ठेवण्यात आली आहे. परवाना नाकारल्यास त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. अपवादात्मक परिस्थिती वगळता अर्जदारास ती मागता येतात आणि कलम १८ खाली अपील करता येते. मंजूर परवान्याची नोंद राष्ट्रीय माहितीसंचात होऊन त्यास स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे करण्यात आली.

याच दुरुस्तीने शिक्षेतही वाढ झाली. परवाना आवश्यक असलेले अग्निशस्त्र परवान्याविना बाळगल्यास किमान २ वर्षे आणि कमाल ५ वर्षे कारावास व दंड अशी तरतूद आहे. 'ही तर केवळ हवेची बंदूक आहे' हा बचाव व्याख्येपुढे टिकत नाही.

फेरबदल करू नयेत

अनेक तरुणांना बंदुकीची ताकद वाढविण्याचे आकर्षण असते. अधिक जोराची स्प्रिंग बसविणे, हवेचा दाब वाढविणे, नळी बदलणे असे प्रयोग केले जातात. असा प्रयोग यशस्वी झाला, की बंदूक २० ज्यूलची मर्यादा ओलांडू शकते आणि खरेदीच्या वेळची सूट तेथेच संपते. पावतीवर जुना आकडा असल्याने काही फरक पडत नाही, कारण प्रश्न बंदूक आज कशी आहे याचा असतो.

त्याहून गंभीर बाब म्हणजे अधिनियमाचे कलम ६. या कलमानुसार अग्निशस्त्राची नळी आखूड करणे किंवा नकली अग्निशस्त्राचे खऱ्यात रूपांतर करणे यांस परवान्याविना मनाई होतीच. २०१९ च्या दुरुस्तीने नियमांतील एका वर्गवारीचे अग्निशस्त्र दुसऱ्या वर्गवारीत बदलण्यासही मनाई झाली. या कलमाच्या उल्लंघनासाठी किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. घरच्या घरी केलेली 'सुधारणा' किती महागात पडू शकते, हे यावरून लक्षात येईल.

पक्षी आणि प्राणी

एअर रायफल बाळगण्याची मोकळीक म्हणजे शिकारीची मोकळीक नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार अनुसूची १ व २ मधील प्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. 'शिकार' या शब्दाच्या कायदेशीर व्याख्येत ठार मारण्याबरोबरच जखमी करणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. नेम चुकला म्हणून गुन्हा टळत नाही.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून नव्या अनुसूची लागू झाल्या. अंगणात नेहमी दिसणारा पोपट अनुसूची २ मध्ये आहे. त्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीसाठी ३ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अनुसूची १ मधील प्राण्यांसाठी शिक्षा ३ ते ७ वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी आहे. गुन्ह्यात वापरलेले व जप्त झालेले शस्त्र सरकारजमा होते. पहाडी मैनेला राज्यपक्ष्याचा मान देणाऱ्या छत्तीसगडमध्ये ही जाणीव अधिक असावी, ही अपेक्षा गैर नाही.

भटके कुत्रे किंवा पाळीव जनावरे यांच्यावर छर्रे मारणे हाही गुन्हा आहे. प्राण्यास ठार मारणे किंवा निकामी करणे यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये ५ वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

लहानशा छर्ऱ्यांचा एकत्रित परिणाम किती मोठा असतो, याचे उदाहरण अरुणाचल प्रदेशात पाहावयास मिळाले. तेथे पक्ष्यांच्या शिकारीस आळा घालण्यासाठी मार्च २०२१ मध्ये ईस्ट कामेंग जिल्ह्यातील लुमडुंग येथून एअरगन स्वेच्छेने जमा करण्याची मोहीम सुरू झाली. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ३० जानेवारी २०२२ रोजी आकाशवाणीवरील 'मन की बात' कार्यक्रमात या मोहिमेचा उल्लेख केला. तोपर्यंत १,६०० हून अधिक एअरगन जमा झाल्या होत्या. लोकांनी आपल्या हातातील बंदूक स्वतःहून खाली ठेवली, हे या मोहिमेचे वैशिष्ट्य होय.

वस्तीतील वापर

एअर रायफलीचा छर्रा दोनशे मीटरांहूनही पुढे जाऊ शकतो. जवळच्या अंतरावर तो कातडी भेदतो आणि डोळ्याला तर त्याहून फारच कमी वेगात कायमची इजा होऊ शकते. टणक भिंतीवर किंवा लोखंडी पत्र्यावर आदळून तो उलट येतो. समता कॉलोनीतील एखाद्या गच्चीवरून झाडलेला छर्रा किती घरांपर्यंत पोहोचू शकतो, याचा अंदाज प्रत्येकाने आपापल्या गच्चीवर उभे राहून घ्यावा.

निष्काळजीपणाने इतरांचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ खाली गुन्हा आहे. इजा न होताही ३ महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. इजा झाल्यास ही मर्यादा ६ महिने आणि गंभीर इजा झाल्यास ३ वर्षे आहे. याखेरीज वरात, सार्वजनिक समारंभ आणि धार्मिक स्थळे येथे आनंदाच्या भरात अग्निशस्त्र झाडून इतरांचे जीवित धोक्यात आणल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार २ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

निवडणुका, सण किंवा तणावाच्या काळात जिल्हा प्रशासन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली शस्त्रे घेऊन फिरण्यास मनाई करणारे आदेश काढते. आदेशात सर्व प्रकारच्या शस्त्रांचा उल्लेख असेल, तर एअर रायफल खांद्याला अडकवून रस्त्याने जाणे टाळावे. एरवीही सरावाला जाताना ती रिकामी व पिशवीत बंद करून न्यावी आणि पावती जवळ ठेवावी.

माघी पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत राजिम येथे भरणाऱ्या मेळ्यासारख्या जत्रांतून फुगे फोडण्याच्या बंदुका पाहत मुले मोठी होतात. त्यामुळे एअर रायफल हे खेळणे असल्याची समजूत लहानपणीच पक्की होते. ती दूर करण्याचे काम पालकांचे आहे. बंदूक आणि छर्रे वेगवेगळ्या जागी कुलूपबंद ठेवावेत. रिकामी असली तरी ती कोणावर रोखू नये. प्रौढ व्यक्तीच्या देखरेखीशिवाय मुलांना ती देऊ नये. छर्रे शिशाचे असल्याने हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

खेळाडूंची वाट

एअर रायफलीची खरी जागा नेमबाजीच्या मैदानात आहे. अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये बीजिंग येथे दहा मीटर एअर रायफल प्रकारात सुवर्णपदक जिंकले. २०१२ मध्ये लंडन येथे गगन नारंग यांना याच प्रकारात कांस्यपदक मिळाले. महाराष्ट्राच्या अंजली भागवत आणि सुमा शिरूर यांनी या खेळाला घराघरांत पोहोचविले, तर ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे जगज्जेता ठरला. या प्रकारात लक्ष्याच्या मध्यभागी असलेला दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो साधण्यासाठी ताकद लागत नाही. लागते ती स्थिरता.

मुलास या खेळाची आवड असल्यास घरी बंदूक आणण्यापूर्वी त्याला प्रशिक्षकाकडे न्यावे. राज्याची रायफल संघटना आणि १९५१ मध्ये स्थापन झालेली भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना यांच्याशी संलग्न क्लबमध्ये सराव केल्यास सुरक्षिततेची शिस्त प्रथम शिकविली जाते. पुढे स्पर्धेसाठी साहित्याची आयात किंवा काडतुसाच्या रायफलीचा परवाना हवा असल्यास खेळाडूंसाठी असलेल्या स्वतंत्र तरतुदींचा लाभही याच मार्गाने घेता येतो.

इतर देशांतील स्थिती

मर्यादा ठरविण्याची पद्धत सर्वत्र सारखी नाही. इंग्लंड व वेल्समध्ये एअर रायफलीसाठी १२ फूट-पाउंड, म्हणजे सुमारे १६ ज्यूल ही मर्यादा आहे. जर्मनीत विशिष्ट चिन्ह असलेल्या साडेसात ज्यूलपर्यंतच्या बंदुका १८ वर्षांवरील व्यक्तींना परवान्याविना घेता येतात. स्कॉटलंडने ३१ डिसेंबर २०१६ पासून १ ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या एअर रायफलींसाठी प्रमाणपत्र सक्तीचे केले. त्या तुलनेत भारताची २० ज्यूलची मर्यादा उदार म्हणावी लागेल. कायद्याने जेवढी मोकळीक दिली आहे, तेवढीच जबाबदारी बाळगणाऱ्यावर टाकली आहे.

थोडक्यात

खरेदीपूर्वी पुढील चार प्रश्नांची उत्तरे मिळवावीत. नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरच्या आत आहे काय? ऊर्जा २० ज्यूलच्या आत असल्याचे लेखी मिळाले आहे काय? विक्रेत्याकडे परवाना आहे काय? आणि सरावासाठी मागे भक्कम आडोसा असलेली, माणसांची व प्राण्यांची ये-जा नसलेली जागा उपलब्ध आहे काय? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे दुकानात मिळतील. चौथ्याचे उत्तर समता कॉलोनीसारख्या वस्तीत बहुधा नकारार्थीच येईल. तसे असल्यास बंदूक घरी आणण्याऐवजी मुलाला क्लबमध्ये घालणे हाच योग्य मार्ग होय. नियमांत वेळोवेळी बदल होत असल्याने अंतिम निर्णयापूर्वी आपल्या जिल्ह्याच्या परवाना शाखेकडून खात्री करून घ्यावी.